बगदादला गेलेला पाहुणा वाईन शॉप कुठे शोधायचा?

उर्दूची गझल शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतोच. “सर, आपल्यात शराब हराम आहे ना? मग शायरीत पानोपानी मयखाना कसा?” हाच प्रश्न बाहेरचे लोक जरा टोचून विचारतात. ‘ती ईश्वरप्रेमाची मदिरा आहे, सूफी अर्थ घ्या’ असं सांगून सुटता येतं. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. रूपक होण्याआधी मयखाना ही खरीखुरी जागा होती. तिला पत्ता होता, मालक होता, गिऱ्हाईक होतं. तो पत्ता शोधायचा तर अब्बासी काळातल्या बगदादला जावं लागतं.

खलिफा मन्सूरने 762 मध्ये दजला नदीच्या काठी हे शहर वसवायला घेतलं. पुढच्या शतकात ते जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक झालं. बसरा, कूफा, खुरासान इथून व्यापारी, विद्यार्थी, कारकून, कवी तिथे येत. त्यांतल्या कुणाला चांगली वाईन हवी असेल तर? भर बाजारात मुहतसिबची, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची नजर. मग जाणकार सांगत, कुतरब्बुलला जा. शहराच्या वायव्येचा हा भाग द्राक्षमळ्यांसाठी आणि वाईनसाठी प्रसिद्ध होता.

दुसरा पत्ता ख्रिस्ती मठांचा. अरबीत मठाला ‘दैर’ म्हणतात. शहराभोवती आणि नदीकाठाने असे अनेक दैर होते. त्यांच्या स्वतःच्या बागा होत्या, आल्यागेल्या वाटसरूंची सोय होती. सणाच्या दिवशी मुसलमानही तिथे हवापालटाला जात. दहाव्या शतकात शाबुश्ती नावाच्या लेखकाने या मठांवर ‘किताब अद्-दियारात’ हा ग्रंथच लिहिला. मठ कुठे आहे, परिसर कसा आहे, कोणते कवी तिथे येऊन गेले, हे सगळं त्यात आहे.

अबू नुवास हा या दुनियेचा सर्वांत मोठा कवी. जन्म अहवाजचा, आई इराणी, वाढला बसऱ्यात, गाजला बगदादमध्ये. त्याच्या मद्यकवितांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. मित्रांची टोळी रात्री दार ठोठावते, मालक आधी घाबरतो, मग ओळख पटते, भावाची घासाघीस होते, वाईन किती जुनी याची चौकशी होते. मालक कधी ज्यू असतो, कधी ख्रिस्ती, कधी अग्निपूजक पारशी. काही वेळा मालकीणच दार उघडते. कविता म्हणजे जनगणना नव्हे. पण दुकानदार कोण असणार, हे त्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग कायदा काय करत होता? मुसलमानाला दारू हराम आणि पिणं शिक्षापात्र, यात शंका नव्हती. खजुरापासून बनणाऱ्या ‘नबीज’वर मात्र फुकहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. कूफ्याच्या विद्वानांनी त्यात काही सवलत दिली, इमाम मालिक आणि इमाम शाफिई यांनी ती नाकारली. पण बिगरमुस्लिम प्रजेच्या वाईनबद्दल हनफी कायद्याचं म्हणणं स्पष्ट होतं. मुसलमानाने ख्रिस्ती माणसाची वाईन ओतून टाकली, तर त्याने भरपाई द्यायची. तीच वाईन मुसलमानाकडे असती, तर कायद्याच्या लेखी तिची किंमत शून्य. एकाला जे हराम, ते दुसऱ्याचा माल म्हणून सुरक्षित!

याला आजच्या अर्थाची समता म्हणू नये. या प्रजेला जिझिया द्यावा लागे. खलिफा मुतवक्किलने 850 मध्ये त्यांच्यावर वेगळ्या पोशाखाची सक्तीही केली. तरीही शेजाऱ्याच्या घरातल्या बुधल्यावर आपला हक्क नाही, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

तो पत्ता शायरीच्या शब्दांत टिकून राहिला. ‘पीर-ए-मुगां’ म्हणजे मयखान्याचा वडीलधारा मालक. यातले ‘मुग’ म्हणजे अग्निपूजक. ‘दैर-ओ-हरम’ या जोडीतला दैर तोच, जुना मठ. चौदाव्या शतकातल्या हाफिजसारख्या फारसी कवींनी या शब्दांना आध्यात्मिक खोली दिली आणि मग ते उर्दूत आले. मराठीलाही हे जग परकं नाही. फारसी-मराठी कोश करणाऱ्या माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. आणि आपण ‘दवादारू’ म्हणतो, तेव्हा फारसीतल्या ‘दारू’चा औषध हा मूळ अर्थच वापरत असतो.

आपल्याकडे काही जण हा इतिहास लपवतात. त्यांना वाटतं, धर्माची बदनामी होईल. काही जण तोच चघळतात, ‘बघा, तुमचेच लोक प्यायचे’ म्हणून. दोघांच्याही नजरेतून तो दुकानदार सुटतो. मी पीत नाही, माझा दीन मला मना करतो आणि मला ते मान्य आहे. पण दुसऱ्याच्या ताटात, पेल्यात काय आहे हे तपासायला माणसं दारात उभी राहतात, अशा दिवसांत मला तो हनफी नियम मुलांना सांगावासा वाटतो. ओतून टाकलंस, तर भरून दे.