सापाच्या विषावरचे औषध: बाटलीमागचे घोडे आणि माणसे

मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की पूर्णा तालुक्यात सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. कुणाला खुरपताना साप चावतो, कुणाला रात्री मोटार चालू करायला जाताना, तर कुणाला घरात जमिनीवर झोपलेले असताना. दवाखान्यात सलाईनमधून औषध सुरू झाले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, हे कशाचं औषध आहे?" ते घोड्याच्या रक्तातून येते, असे सांगितले की बहुतेकांचा विश्वास बसत नाही.

घोड्याच्या मदतीने उपचार म्हटले की हल्ली लोकांना मोबाईलवर पाहिलेले व्हिडिओ आठवतात. त्यात अपंग मुलांना घोड्यावर बसवून त्यांचा तोल आणि स्नायू सुधारण्याचे व्यायाम घेतले जातात. तो पूरक उपचार आहे. पण घोड्याने माणसाला दिलेली सर्वात मोठी मदत वेगळीच आहे आणि ती तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या फ्रीजमध्ये ठेवलेली असते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तुम्ही घोड्यांचा बाजार पाहिला असेल. त्याच प्राण्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात घटसर्पापासून झाली

१८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले किटासाटो शिबासाबुरो यांनी एक गोष्ट दाखवून दिली. प्राण्याला जंतूंचे विष अगदी थोडे थोडे दिले, तर त्याच्या रक्तात त्या विषावरचा उतारा तयार होतो. तो उतारा दुसऱ्या प्राण्याला दिला, तर त्याचाही जीव वाचतो. आज या उताऱ्याला आपण प्रतिपिंडे म्हणतो. या शोधासाठी १९०१ मध्ये बेरिंग यांना वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ससे आणि उंदीर यांच्यापासून किती औषध निघणार? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एमिल रू यांनी घोडा निवडला. घोड्याच्या शरीरात रक्त भरपूर असते, तो माणसाळलेला असतो आणि थोडे रक्त काढले तरी लवकर सावरतो. १८९४ मध्ये रू यांनी घोड्याच्या सीरमने केलेल्या उपचारांचे निकाल मांडले. घटसर्पाने गुदमरून मरणाऱ्या मुलांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते.

मग सापाच्या विषाकडे

आल्बेर काल्मेट हे फ्रेंच डॉक्टर तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, आजच्या व्हिएतनाममध्ये, काम करत होते. तिथे पुरामुळे नाग एका गावात शिरले आणि अनेकांना चावले. काल्मेट यांचे या कामाकडे लक्ष गेले ते यामुळे. १८९४ मध्ये त्यांनी आणि त्याच सुमारास पॅरिसच्या फिझालिक्स व बर्ट्रांड यांनी, विषाला उतारा बनवता येतो हे सिद्ध केले. काल्मेट यांनी पुढे घोड्यांपासून असे सीरम तयार केले. तुमच्या दंडावर बीसीजीच्या लसीचा व्रण असेल, तर त्या लसीच्या नावातला 'सी' म्हणजे हेच काल्मेट.

नागाच्या विषावरचे सीरम सगळ्याच सापांना चालेल, असे काल्मेट यांना वाटत होते. तो समज चुकीचा होता. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जॉर्ज लँब यांनी दाखवले, की ते घोणसाच्या विषावर काम करत नाही. ज्या सापाचे विष घोड्याला दिले असेल, मुख्यतः त्याच सापाविरुद्ध उतारा तयार होतो. म्हणूनच आपल्या देशातले आजचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांची विषे घोड्यांना देऊन बनवतात. साप कोणता हे ओळखता आले नाही तरी उपचार अडत नाहीत, त्याचे कारण हेच.

जिम नावाचा घोडा

या इतिहासात एक दुःखद पानही आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात जिम हा दुधाच्या गाडीचा निवृत्त घोडा घटसर्पाचे सीरम देत असे. १९०१ मध्ये त्याला धनुर्वात झाला. त्या काळात काढलेले रक्त टाकून द्यायला हवे होते, पण ते वापरले गेले आणि १३ मुले दगावली. त्यानंतर १९०२ मध्ये अमेरिकेत अशा औषधांवर सरकारी देखरेखीचा कायदा झाला. आज प्रत्येक खेप बाजारात येण्यापूर्वी तपासली जाते, त्या नियमांची मुळे या घटनेत आहेत.

आपल्याकडची माणसे

मुंबईत प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. आज हाफकिनचे घोडे पिंपरीच्या केंद्रात असतात.

घोड्यांना द्यायचे विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतून येते. तिथले इरुला आदिवासी पूर्वी कातड्यासाठी साप पकडत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बंद पडला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा जंगलात सोडतात. या समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्या मराठवाड्याचाही यात वाटा आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. विंचवाच्या विषावरचे सीरमही घोड्यापासूनच बनते. प्राझोसिनच्या जोडीने ते दिले तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ मध्ये ७० रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले.

घोड्याचे काय होते?

हा प्रश्न रास्त आहे. विषाचा डोस अगदी कमी असतो आणि तो हळूहळू वाढवतात, त्यामुळे घोडा मरत नाही. पण सुई टोचलेल्या जागी सूज आणि वेदना होऊ शकतात. रक्तातला पातळ भाग काढून घेऊन लाल पेशी घोड्याला परत देण्याची पद्धतही वापरतात. त्याची निगा, खुराक आणि विश्रांती यांचे नियम आहेत आणि ते पाळले जाणे आवश्यक आहे. हे औषध त्याच्या सोसण्यातून येते, हे आपण विसरू नये.

यातून तुम्ही काय लक्षात ठेवाल?

या औषधाच्या मर्यादा आहेत. ते घोड्याच्या प्रथिनांचे असल्याने काहींना ॲलर्जी होते, कधी गंभीरही. म्हणून ते घरी किंवा शेतात देता येत नाही. ॲड्रेनालिन तयार ठेवूनच ते रुग्णालयात देतात. सापाचे विष प्रदेशानुसार थोडे बदलते, त्यामुळे एका भागातल्या विषापासून बनलेले औषध दुसरीकडे कमी पडू शकते. त्यावर संशोधन सुरू आहे.

दुसरे म्हणजे, हे औषध रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते. विषाने आधीच केलेले नुकसान ते भरून काढू शकत नाही. म्हणून वेळ सर्वात महत्त्वाची. मण्यारीचा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तर थांबू नका. जखम कापू नका, घट्ट आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय न हलवता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, कारण सापाने विष दोघांनाही तेवढेच टोचलेले असते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मरतात. औषध सव्वाशे वर्षांपूर्वी सापडले आहे. ते सापडायला घोडे लागले, इरुलांचे हात लागले, शास्त्रज्ञांचे आयुष्य लागले. आता उरले आहे ते शेताच्या बांधापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचे अंतर. ते तुम्हीच कापायचे आहे, आणि तेही लवकर.