रेनकोट कडक होतो, तेव्हा त्यातला मऊपणा कुठे जातो?

माळ्यावरून तीन-चार वर्षांपूर्वीचा रेनकोट काढला की काय होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. उलगडताना कडकड वाजतो आणि घडीवर चिरा पडलेल्या असतात. आपण म्हणतो "माल हलका होता" आणि नवीन आणतो. पण मंडळी, दुकानातून आणला तेव्हा तो मऊ होताच ना? मग तो मऊपणा गेला कुठे?

याचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हयात यांनी सेल्युलॉइड बाजारात आणलं. कंगवे, बाहुल्या आणि पुढे सिनेमाच्या फिती त्याच्याच झाल्या. ते लवचीक राहावं म्हणून त्यात घालत होते चक्क कापूर, आपल्या देवघरातला! आता उघड्या डबीतला कापूर काही दिवसांत उडून जातो, हे आपल्याला सांगायला नको. सेल्युलॉइडचंही तेच व्हायचं. कापूर उडाला की वस्तू ठिसूळ.

म्हणून १९२० च्या दशकात कापराच्या जागी नवीन रसायनं आली, ती म्हणजे थॅलेट्स. तेलकट, बिनरंगी, जवळजवळ बिनवासाची, स्वस्त आणि सहजासहजी न उडणारी. त्याच काळात, १९२६ मध्ये, वाल्डो सेमन हे अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीचे रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवायचा डिंक शोधत होते. त्या खटपटीत त्यांनी पीव्हीसी एका द्रवात तापवलं आणि हाती आला रबरासारखा मऊ पदार्थ. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या नळाच्या पाइपासारखं. त्यात असा तेलकट द्रव मुरवला की तेच पीव्हीसी रेनकोट होतं, चप्पल होतं, टेबलावरचं कव्हर होतं, वायरचं आवरण होतं. पुढे या कामासाठी सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते डीईएचपी नावाचं थॅलेट.

यात मेख एकच आहे. थॅलेट प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं. पुरणपोळीत तूप मुरतं तसं. पोळी कागदावर ठेवली की कागद तेलकट होतो ना, तसंच थॅलेट हळूहळू बाहेर येतं. हवेत, घरातल्या धुळीत, हाताला, आणि तेल-तुपाचा पदार्थ टेकला तर त्यात जास्तच. कापूर पटकन उडायचा, हे सावकाश जातं, एवढाच फरक.

हे कळलं कधी? तर १९७० मध्ये, आणि तेही रक्ताच्या पिशवीमुळे.

आधी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवायचे. मग मऊ पीव्हीसीच्या पिशव्या आल्या. फुटायची भीती नाही, न्यायला सोप्या. या पिशवीच्या वजनात ३० ते ४० टक्के डीईएचपी असू शकतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रुडॉल्फ जेगर आणि रॉबर्ट रुबिन यांनी दाखवून दिलं की हे रसायन पिशवीतून रक्तात उतरतं, आणि असं रक्त दिलेल्या माणसांच्या शरीरातही सापडतं.

मग पिशव्या लगेच बंद झाल्या का? नाही. आणि इथे डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. कारण डीईएचपी रक्तात उतरलं की तांबड्या पेशी साठवणुकीत जास्त दिवस टिकतात, असंही पुढे दिसून आलं. रक्त मिळालं नाही तर रुग्ण आजच जातो. तिथे हा व्यवहार समजण्यासारखा आहे.

पण खेळण्याचं काय? त्याने कोणाचा जीव वाचत नव्हता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सरकारी चाचण्यांत डीईएचपी खाऊ घातलेल्या उंदीर-घुशींच्या यकृतात गाठी झाल्या. १९८६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी बाळांच्या चोखण्यांतून डीईएचपी काढून टाकायचं आपणहून मान्य केलं. छान. मग त्याऐवजी काय घातलं? डीआयएनपी, म्हणजे दुसरं थॅलेट! त्यावर बंधन यायला आणखी वीसेक वर्षं गेली. युरोपने १९९९ च्या डिसेंबरमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या, तोंडात घालायच्या खेळण्यांतल्या सहा थॅलेट्सवर तात्पुरती बंदी घातली. तिला पुन्हा पुन्हा मुदतवाढ देत २००५ मध्ये कायमचा कायदा केला. अमेरिकेने २००८ मध्ये केला. मर्यादा ठरली ०.१ टक्के.

शास्त्रज्ञांचं तरी एकमत होतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८२ मध्ये डीईएचपीला "माणसात कर्करोग होण्याची शक्यता" या गटात टाकलं, २००० मध्ये त्यातून काढलं आणि २०११ मध्ये परत आत घेतलं. मधल्या काळात काळजीचा रोख मात्र दुसरीकडे वळला होता, हार्मोन्सकडे. गर्भार उंदरीणीला ठरावीक थॅलेट्स दिली की पोटातल्या नर पिल्लांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि जननेंद्रियांची वाढ बिघडते. २००५ मध्ये शॅना स्वॉन आणि सहकाऱ्यांनी ८५ लहान मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी काही थॅलेट्सचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलग्यांमध्ये उंदरांतल्यासारखीच एक सौम्य खूण दिसली. ही मुलं आजारी होती असा याचा अर्थ नाही. पण नंतरच्या मोठ्या अभ्यासातही डीईएचपीबाबत तोच कल दिसला.

एक दिलासा आहे. थॅलेट्स शरीरात वर्षानुवर्षं साठत नाहीत, दोनेक दिवसांत लघवीवाटे बरीचशी निघून जातात. अडचण ही की ती रोज नव्याने येतात.

आता आपल्याकडे या. भारतात खेळण्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून, आणि त्या मानकांत थॅलेट्सचाही भाग आहे. म्हणजे बाल्टिमोरच्या त्या रक्तपिशवीनंतर ५० वर्षांनी. आणि जत्रेत, सिग्नलवर, आठवडी बाजारात सुटं विकलं जाणारं खेळणं? त्यावर चिन्ह आहे का, हे आपणच बघायचं.

आणि खेळण्याच्या पलीकडे? चौकात मान वर करून बघा. भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, मंडळाचं स्वागत. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेलं मऊ पीव्हीसीच. खेळण्याची ती मर्यादा याला लागू नाही. बेकायदा फलकांवर कोर्टाने कितीदा ताशेरे ओढले, ते आपण पेपरात वाचतो. पण चर्चा होते ती विद्रूपीकरणाची, आणि फलक कोसळून माणसं दगावली तर सुरक्षेची. उतरवलेला फ्लेक्स जातो कुठे, हे कोणी विचारत नाही.

तो जातो झोपडीच्या छपरावर. शेतात धान्याच्या राशीवर. आणि उन्हाळ्यात गच्चीवर, कुरडया-पापड वाळवायला! नेत्याचा चेहरा खाली, पापड वर. उरलेला उकिरड्यावर जळतो, आणि पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिनसारखी विषंही तयार होतात. गोमती आणि कावेरीच्या गाळात संशोधकांना थॅलेट्स सापडली आहेत. मऊपणा कुठे गेला, याचं हे एक उत्तर.

घाबरवायला हे लिहिलेलं नाही. गैरसमज नकोत म्हणून दोन गोष्टी. पाण्याच्या बाटलीच्या पीईटीमध्ये "टेरेथॅलेट" हा शब्द आहे, पण ते मऊ करायला घातलेलं थॅलेट नव्हे. साध्या पॉलिथिन पिशवीलाही मऊ व्हायला थॅलेट लागत नाही. त्या पिशव्यांचे प्रश्न वेगळे आहेत.

आपल्या हातात काय? वाळवण सुती कापडावर घाला. गरम, तेलकट पदार्थ मऊ प्लास्टिकवर ठेवू नका. बाळाच्या तोंडात जाणारं खेळणं आयएसआय चिन्ह बघूनच घ्या. घरातली धूळ ओल्या फडक्याने पुसा.

आणि या वर्षी मंडळाच्या मीटिंगला एकच विषय मांडा : कमान आणि फलक कापडी करायचे. आपल्या गावात पेंटर अजून आहेत, त्यांना कामही मिळेल. ५० वर्षं कायद्याची वाट बघून झाली. एवढं तरी ठराव करून होईल ना?