आपल्याच पेटार्डने उडणे

दुसऱ्यासाठी रचलेला डाव रचणाऱ्याच्याच अंगाशी आला, की इंग्रजीत तो ‘आपल्याच पेटार्डने उडाला’ असे म्हणतात. पेटार्ड हे किल्ल्याचा किंवा शहराचा दरवाजा फोडण्याचे साधन. सोळाव्या शतकात फ्रान्समधील धर्मयुद्धांत त्याचा बोलबाला झाला. १५८० मध्ये नवारचा राजा हेन्री, म्हणजे पुढे फ्रान्सच्या गादीवर आलेला चौथा हेन्री, याने काओर शहराचे दरवाजे पेटार्ड लावूनच फोडले.

घंटेच्या आकाराचे धातूचे भांडे दारूने ठासून भरायचे, त्याचे तोंड जाड फळीवर पक्के बसवायचे आणि ती फळी दरवाजाला भिडवून वात पेटवायची, एवढीच त्याची रचना. अवजड तोफा ओढत न्याव्या लागत नसत, ही मोठी सोय. जोखीम मात्र सगळी पेटार्ड लावणाऱ्याच्या माथी. तटावरून मारा चालू असताना त्याला थेट दरवाजापर्यंत जावे लागे. वातीचा तर भरवसाच नव्हता: दमट असली तर विझे, भरभर जळली तर मागे पळायलाही अवधी मिळत नसे.

हाच धोका शेक्सपिअरने १६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये आणला. राजाचे मोहोरबंद पत्र घेऊन हॅम्लेटबरोबर इंग्लंडला निघालेल्या दोन मित्रांविषयी बोलताना तो आईजवळ ‘आपल्याच पेटार्डने उडणे’ हे शब्द वापरतो. पुढे तो पत्र बदलतो आणि त्याच्यासाठी योजलेले मरण त्या दोघांच्या वाट्याला येते. हे भाषण १६०४-०५ च्या क्वार्टो आवृत्तीत आहे, १६२३ च्या फोलिओत नाही. तरीही वाक्प्रचार टिकला. त्यात कपटाला मिळालेल्या शिक्षेचा अर्थ भरला तो या नाटकाने. वेढ्यात उडणारा माणूस कपटी नव्हता. तो नेमून दिलेले काम करणारा कारागीर होता, आणि वाक्प्रचाराने त्याच्यावर अन्यायच केला आहे.

पेटार्ड मागे पडल्यावर दारूच्या थैल्या आल्या, धोका तोच राहिला. १४ सप्टेंबर १८५७ रोजी दिल्लीचा काश्मिरी दरवाजा इंग्रज फौजेने अशाच थैल्यांनी उडवला. त्या तुकडीतला लेफ्टनंट डंकन होम तिथून वाचला. १ ऑक्टोबरला बुलंदशहराजवळच्या मालागढचा किल्ला पाडताना त्यानेच लावलेला सुरुंग वेळेआधी फुटला आणि त्यात तो मेला.