लंडन स्टेडियम व वेस्ट हॅम विवाद

लंडन स्टेडियम : पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथील सार्वजनिक मालकीचे क्रीडागार. २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठी ते सरकारी निधीतून उभारण्यात आले आणि २०१६ पासून ‘वेस्ट हॅम युनायटेड’ ह्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचे ते घरचे मैदान आहे. लोकांच्या पैशातून बांधलेल्या क्रीडागाराचा मुख्य लाभ एका खाजगी क्लबला कोणत्या अटींवर मिळावा, ह्या प्रश्नावर येथे दीड दशकाहून अधिक काळ वाद चालू राहिला. निविदा, न्यायालयीन दावे, माहिती-अधिकाराची प्रकरणे आणि चौकशी अशी त्याची अनेक रूपे आहेत. त्यांचे मूळ मात्र इमारत बांधली जाण्यापूर्वीच्या एका निर्णयात शोधावे लागते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ६ जुलै २००५ रोजी सिंगापूर येथे ५४ विरुद्ध ५० मतांनी पॅरिसऐवजी लंडनची निवड केली. लंडनच्या प्रस्तावाचे नेतृत्व सेबॅस्टियन को ह्या माजी ऑलिंपिक धावपटूकडे होते. सामन्यांनंतरही मुख्य क्रीडागारात धावपट्टी कायम राहील व मैदानी खेळांना लंडनमध्ये हक्काचे स्थान मिळेल, हे प्रस्तावातील एक ठळक वचन होते. त्यानुसार जो आराखडा तयार झाला, तो तांत्रिक दृष्ट्या कल्पक होता. जमिनीच्या पातळीखाली खोदलेल्या भागात २५ हजार आसने कायमची आणि त्यांवर पोलादी सांगाड्यावरील ५५ हजार आसने तात्पुरती. सामने संपताच वरचा भाग उतरवून २५ हजार प्रेक्षकांचे लहान क्रीडागार मागे ठेवावयाचे, अशी ही योजना होती. छपराच्या कड्यासाठी तर गॅसवाहिन्यांचे शिल्लक राहिलेले नळ वापरण्यात आले. मे २००८ मध्ये सुरू झालेले बांधकाम मार्च २०११ मध्ये पूर्ण झाले. प्रस्तावात २८ कोटी पौंड धरलेला खर्च अखेरीस सु. ४२.९ कोटी पौंडांवर गेला.

ह्या आराखड्यात फुटबॉलला जागा नव्हती. वेस्ट हॅम क्लबने २००६ मध्येच क्रीडागारात रस दाखविला होता. परंतु मैदानी खेळांचे वचन आणि बांधकामाचे ताणलेले वेळापत्रक लक्षात घेऊन २००७ च्या प्रारंभी तो पर्याय बाजूला सारण्यात आला. पुढील सर्व घटनांकडे पाहता हा निर्णय निर्णायक ठरला, असे म्हणावे लागते. चारशे मीटरची धावपट्टी असलेल्या क्रीडागारात प्रेक्षक मैदानापासून बरेच दूर बसतात. गोलखांबांमागील अंतर तर फारच वाढते. फुटबॉलला ही रचना मानवत नाही. छप्पर, उपाहारगृहे, प्रसाधनगृहे व पाहुण्यांचे कक्ष यांवाचून आधुनिक क्लबचा व्यवहार चालत नाही आणि तात्पुरत्या इमारतीत ह्यांपैकी पुरेसे काहीच नव्हते. दुसरीकडे, २५ हजार आसनांचे केवळ मैदानी खेळांचे क्रीडागार वर्षातून मोजकेच दिवस भरणार आणि उरलेल्या काळात त्याच्या देखभालीचा खर्च सरकारी तिजोरीवर पडणार, हेही उघड होते.

मँचेस्टरचा अनुभव त्या वेळी अगदी ताजा होता. तेथील क्रीडागार २००२ च्या राष्ट्रकुल सामन्यांसाठी बांधले गेले. परंतु सामन्यांनंतर ते मँचेस्टर सिटी क्लबकडे जाणार, हे बांधकामापूर्वीच ठरले होते. सामने संपल्यावर धावपट्टी काढून जमीन खोदण्यात आली व खालच्या बाजूस आसनांचा आणखी एक थर बसविण्यात आला. ऑगस्ट २००३ मध्ये क्लब तेथे खेळू लागला. मालकी नगर परिषदेकडेच राहिली आणि क्लबच्या जुन्या मैदानाच्या क्षमतेपेक्षा अधिक विकल्या गेलेल्या तिकिटांच्या उत्पन्नात तिला वाटा मिळू लागला. तेथे धावपट्टीचा त्याग करावा लागला, हे खरे. पण तो जाणूनबुजून व वेळेवर केला गेला. लंडनमध्ये दोन्ही गोष्टी साधण्याचा प्रयत्न झाला, आणि तोही इमारत उभी राहिल्यानंतर.

पहिली निविदा व तिचा शेवट : ऑलिंपिक उद्यानाच्या भवितव्यासाठी २००९ मध्ये एक स्वतंत्र सार्वजनिक कंपनी स्थापण्यात आली. तिने मागविलेल्या प्रस्तावांत अखेरीस दोन क्लब उरले. न्यूअम नगरविभागाच्या परिषदेच्या सहकार्याने पुढे आलेल्या वेस्ट हॅमने धावपट्टी राखण्याचे मान्य केले. उत्तर लंडनच्या टॉटनम हॉटस्परने मात्र क्रीडागाराचा बहुतेक भाग पाडून तेथे केवळ फुटबॉलसाठी नवी वास्तू उभारावी आणि मैदानी खेळांसाठी दक्षिण लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथील जुने क्रीडागार सुधारून द्यावे, असे सुचविले. आर्थिक दृष्ट्या टॉटनमची योजना अधिक रोखठोक होती. परंतु कोट्यवधी पौंडांची नवी इमारत सामने संपताच पाडणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. ११ फेब्रुवारी २०११ रोजी कंपनीच्या संचालक मंडळाने एकमताने वेस्ट हॅमची निवड केली.

ह्या निर्णयाला टॉटनमने न्यायालयात आव्हान दिले. लेटन ओरिएंट ह्या लहान क्लबचाही त्यास विरोध होता. ओरिएंटचे मैदान ऑलिंपिक उद्यानाजवळच आहे. साठ हजार आसनांचा मोठा क्लब स्वस्त तिकिटांसह शेजारी आला, तर पुढच्या पिढीचे प्रेक्षक आपल्याकडे वळणार नाहीत, अशी त्या क्लबला भीती होती. सार्वजनिक पैशातून एका क्लबला दिलेली सवलत ही दुसऱ्या क्लबवर लादलेली स्पर्धा असते, हा त्याचा मुद्दा सहज टाळण्यासारखा नव्हता. न्यूअम परिषदेने द्यावयाचे ४ कोटी पौंडांचे कर्ज म्हणजे नियमबाह्य राज्यसाहाय्य होय, अशी निनावी तक्रारही युरोपीय आयोगाकडे गेली. प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळेल, ह्या धास्तीने शासनाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्व व्यवहारच रद्द केला. क्रीडागार विकावयाचे नाही, सार्वजनिक मालकीत ठेवून भाड्याने द्यावयाचे, असे नवे धोरण ठरले. पुढच्याच महिन्यात २०१७ च्या जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धांचे यजमानपद लंडनला मिळाले आणि धावपट्टी काढून टाकण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला.

भाडेकरार : दुसऱ्या फेरीतही वेस्ट हॅमचीच निवड झाली व मार्च २०१३ मध्ये ९९ वर्षांचा करार जाहीर करण्यात आला. क्लबने रूपांतराच्या खर्चासाठी एकरकमी १.५ कोटी पौंड व दरसाल सु. २५ लक्ष पौंड भाडे द्यावे, वरच्या श्रेणीतून क्लब खाली घसरल्यास हे भाडे निम्मे व्हावे, असे ठरले. मालकीसाठी उद्यानाच्या विकास निगमाने व न्यूअम परिषदेने ‘ई-२०’ नावाची भागीदारी संस्था स्थापिली. ह्या उद्यानाच्या टपाल-विभागाचा क्रमांकच तिचे नाव झाला. न्यूअम हा इंग्लंडमधील गरीब नगरविभागांपैकी एक. त्याच्या परिषदेने ४ कोटी पौंड ह्या व्यवहारात गुंतविले. ब्रिटिश मैदानी खेळांच्या संघटनेला प्रत्येक उन्हाळ्यात सु. एक महिना क्रीडागार वापरण्याचा ५० वर्षांचा हक्क देण्यात आला.

दोन्ही करार पाळावयाचे, तर आसने हलती असणे भाग होते : फुटबॉलच्या हंगामात ती धावपट्टीवर पुढे सरकवावयाची आणि उन्हाळ्यात मागे न्यावयाची. मूळचे हलके छप्पर काढून सर्व प्रेक्षकांवर येणारे नवे, अवजड छप्पर बसवावे लागले. त्यासाठी सांगाडा व पायाही बळकट करावा लागला. जानेवारी २०१४ मध्ये १५.४ कोटी पौंडांचे असलेले कंत्राट त्याच वर्षी १९ कोटींवर गेले, जून २०१५ मध्ये रूपांतराचा खर्च २७.२ कोटींवर व २०१६ च्या अखेरीस ३२.३ कोटी पौंडांवर पोहोचला. मूळ बांधकाम धरून एकूण खर्च सु. ७५ कोटी पौंड झाला. क्लबच्या दीड कोटीशी ह्या आकड्याची तुलना वृत्तपत्रांनी वारंवार केली, ती स्वाभाविकच होती.

कराराचा तपशील प्रारंभी व्यापारी गुप्ततेच्या सबबीवर प्रसिद्ध करण्यात आला नाही. त्याविरुद्ध वेगवेगळ्या क्लबांच्या चाहत्यांच्या संघटना एकत्र आल्या. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे हे चाहते करदाते म्हणून एका बाजूस उभे राहिले, ही ह्या इतिहासातील एक लक्षणीय घटना होय. माहिती आयुक्तांनी २०१५ मध्ये करार खुला करण्याचा आदेश दिला. निगमाचे त्यावरील अपील फेटाळले गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण दस्तऐवज प्रसिद्ध झाला. सामन्याच्या दिवशीचे रक्षक, सुरक्षाव्यवस्था आणि मैदानाची निगा यांचा खर्च मालकाने, म्हणजे पर्यायाने जनतेने करावयाचा होता. गोलखांब व कोपऱ्यांवरील निशाणेही त्यातून सुटली नव्हती. त्यामुळे क्लबचे भाडे सामन्यांवरील खर्चालाही पुरत नसे. हा करार क्लबने फसवून मिळविला, असे मात्र म्हणता येत नाही. रिकामे क्रीडागार राजकीय दृष्ट्या असह्य झालेला मालक आणि मोठा प्रेक्षकवर्ग असलेला जवळजवळ एकमेव सक्षम भाडेकरू, अशी ही बोलणी होती. क्लबच्या संचालकांनी आपल्या क्लबचे हित पाहिले. जनतेचे हित पाहण्याचे काम दुसऱ्या पक्षाचे होते.

वेस्ट हॅमने १९०४ पासून वापरात असलेल्या अप्टन पार्क येथील आपल्या मैदानावर १० मे २०१६ रोजी अखेरचा सामना खेळला व ऑगस्टमध्ये नव्या जागी प्रवेश केला. प्रौढांसाठी २८९ पौंडांपासून हंगामी तिकिटे ठेवल्याने प्रेक्षकसंख्या वाढली. तथापि जुन्या चाहत्यांत असंतोषही होता. अप्टन पार्कची अरुंद, मैदानाला खेटून असलेली प्रेक्षासज्जे आणि भोवतालची वस्ती यांच्या जागी त्यांना विस्तीर्ण, थंड वास्तू मिळाली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली. मार्च २०१८ मध्ये बर्न्लीविरुद्ध पराभव होत असताना काही चाहते थेट मैदानात उतरले व संचालकांच्या कक्षासमोर त्यांनी निदर्शने केली.

चौकशी व नंतरचे दावे : महापौर सादिक खान यांनी नेमलेल्या लेखापरीक्षकांचा अहवाल १ डिसेंबर २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. आसने हलविण्याचा खर्च वर्षाला सु. ३ लक्ष पौंड येईल, असा मूळ अंदाज होता. प्रत्यक्षात तो ८० लक्ष पौंडांच्या घरात गेला. हलती आसने हाच ज्या योजनेचा कणा, तिच्यातील एवढी चूक किरकोळ मानता येणार नाही. क्रीडागाराचा वार्षिक तोटा सु. २ कोटी पौंडांच्या आसपास असल्याचे स्पष्ट झाले. न्यूअम परिषद भागीदारीतून बाहेर पडली, तिची गुंतवणूक बुडाली व क्रीडागाराचे नियंत्रण महापौरांकडे आले. सामन्यांना आलेली गर्दी कधीच पांगली होती. तोटा मात्र त्या भागातील रहिवाशांच्या परिषदेच्या हिशेबात राहिला.

दरम्यान मालक व भाडेकरू एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले होते. करारानुसार क्लबला सु. ५७ हजार आसनांचा हक्क आहे की सर्व उपलब्ध आसनांचा, हा मुख्य मुद्दा होता. मैदानाभोवतीच्या हिरव्या आच्छादनाच्या जागी क्लबच्या गर्द तांबड्या रंगाचे आच्छादन असावे की नाही, हाही वादाचा विषय झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तडजोड होऊन प्रेक्षकसंख्या वाढविण्याचे व आच्छादन बदलण्याचे ठरले. पुढे क्षमता ६२,५०० पर्यंत नेण्यात आली. ह्या दाव्यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न झाली. ‘ई-२०’ संस्थेच्या संचालकांतील पत्रव्यवहार उघड करावा की नाही, ह्यावर अपील न्यायालयाने त्याच महिन्यात निर्णय दिला. दाव्यासाठी सल्ला वा माहिती मिळविण्याच्या मुख्य हेतूने झालेल्या पत्रव्यवहारालाच गोपनीयतेचे संरक्षण मिळते, निव्वळ व्यापारी चर्चेला मिळत नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. इंग्लंडच्या कायद्यात हा निर्णय आता आधारभूत मानला जातो.

करार ९९ वर्षांचा असल्याने मालकाला खर्च कमी करण्यापलीकडे फारसे काही करता येण्याजोगे नव्हते. २०१९ मध्ये निगमाने क्रीडागार चालविणारी खाजगी कंपनी विकत घेऊन दैनंदिन कारभार स्वतःकडे घेतला. गीतमैफली व अमेरिकन बेसबॉलचे सामने भरवून उत्पन्न वाढविण्याचे प्रयत्न झाले. ज्या मैदानी खेळांसाठी एवढा खटाटोप करण्यात आला, त्यांची २०१७ ची अजिंक्यपद स्पर्धा येथे यशस्वी झाली. त्यानंतर मात्र वर्षाकाठी होणाऱ्या एखाद्या स्पर्धेपुरतीच धावपट्टी उघडी पडू लागली. २०२० ते २०२२ ह्या तीन उन्हाळ्यांत तर तीही झाली नाही. जुलै २०२३ मध्ये धावपटू पुन्हा स्ट्रॅटफर्डला आले, तेव्हा सु. ५० हजार प्रेक्षक उपस्थित होते. त्यासाठी आसने मागे नेण्यात आली होती, आणि ऑगस्टमध्ये फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होताच ती परत पुढे आणावी लागली.