विश्वाचा आरंभ आणि मालुंक्यपुत्ताचा प्रश्न

१९४८ साली हॉयल, बाँडी व गोल्ड यांनी स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला: विश्व प्रसरण पावते, पण त्यास आरंभ नाही. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी प्रतिपक्षाच्या महास्फोटात निर्मात्याचा पुरावा पाहिला. (आद्य प्रवर्तक लमेत्र स्वतः धर्मगुरू, त्यांनाही हे रुचले नाही!) निर्माता नाकारणाऱ्या आम्हा बौद्धांना मग अनादी विश्वाचा मोह पडावा, हे स्वाभाविकच. परंतु १९६५ मध्ये आद्य उष्णतेचा अवशेष मानले गेलेले प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी तो पक्ष सोडला. कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी मात्र १९९३ मध्ये हॉयल व बरबिज यांच्यासह त्याचे सुधारित रूप मांडले. अशा वादाच्या निकालावर धम्म टांगणे आम्हांस मान्य नाही. लोक शाश्वत की अशाश्वत, हे मालुंक्यपुत्ताने हट्टाने विचारले. तथागतांनी ते अव्याकृत ठेवले आणि दुःखाविषयी सांगितले.