'केवळ' या एका शब्दाचा इतिहास : एटीव्ही, कुंपण आणि मोटार वाहन कायदा

१/ तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या नावड्यातील एखाद्या रहिवाशाने रुंद टायरांची, हँडलने वळणारी चारचाकी 'एटीव्ही' विकत घेतली, तर ती त्याला दारासमोरच्या रस्त्यावर चालवता येईल काय? खरेदीला मोटार वाहन कायद्याची आडकाठी नाही. खरा प्रश्न नोंदणीचा आणि वापराच्या जागेचा आहे. त्याचे उत्तर 'केवळ' या शब्दाच्या प्रवासात दडलेले आहे.

२/ मोटारींसाठीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. नोंदणी, चालकाचा परवाना आणि 'सार्वजनिक जागा' या तीन कल्पना तेव्हाच रुजल्या. स्वतःच्या वाडीत मालक काय चालवतो, याच्याशी सरकारला फारसे कर्तव्य नव्हते. चिंता होती ती रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाची.

३/ १९३९ च्या कायद्याने हीच दृष्टी व्याख्येत आणली. केवळ मालकाच्या आवारात वापरले जाणारे वाहन 'मोटार वाहन' ठरत नसे. म्हणजे सूट मिळे ती वापरावरून. आज आवारात असलेले वाहन उद्या फाटकाबाहेर पडले तर काय, हा प्रश्न मात्र उघडाच राहिला.

४/ १९५६ च्या दुरुस्तीने हे दार बंद केले. आता सूट फक्त अशा खास प्रकारच्या वाहनाला, जे केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्याजोगे असेल. कसोटी वापरावरून बांधणीवर आली. मालकाचा शब्द पुरेसा राहिला नाही. यंत्राची घडण साक्ष देऊ लागली.

५/ या फरकाचे मोल खाणींनी जोखले. १९७४ मध्ये ओडिशातील बोलानी खाणीच्या खटल्यात, आवारातच राबणाऱ्या डंपरांना सर्वोच्च न्यायालयाने वाहनकरातून मोकळे केले. कारण तेथील करकायद्याला जुनीच व्याख्या लागू होती.

६/ १९९२ मध्ये सेंट्रल कोलफिल्ड्सच्या खटल्यात नवी व्याख्या कसोटीला लागली. हवा भरलेल्या टायरांवर धावणारे डंपर रस्त्यावर चालण्याजोगे आहेत. ते खाणीत राबतात एवढ्यावरून त्यांना सूट नाही, असे न्यायालयाने ठरवले. गोव्यातील चौगुले कंपनीच्या प्रकरणातही हाच निष्कर्ष निघाला.

७/ एटीव्हीचा जन्म मात्र रस्त्याबाहेरचा. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेली तीनचाकी ही तिची पूर्वज. पुढे चारचाकी रूप रूढ झाले. कमी दाबाचे फुगीर टायर चिखल-वाळूत तरतात, डांबरी रस्त्यावर मात्र वळताना दगा देऊ शकतात. तरीही आत हवा आहेच!

८/ १९८८ च्या कायद्यातही 'केवळ' कायम राहिला. त्यात २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला सूट आहे, पण ती चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांपुरती. त्यामुळे मुलांसाठीची छोटी चारचाकी एटीव्हीही त्या सवलतीत बसत नाही.

९/ मग नोंदणी करावी, तर आधी त्या मॉडेलची चाचणी व प्रमाणन हवे. पुण्याची 'एआरएआय' (स्थापना १९६६) अशा चाचण्या करते. विक्री प्रमाणपत्र, रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, विमा आणि पत्त्याचा पुरावा त्यानंतर. यातील पहिली पायरीच नसेल, तर पनवेलचे परिवहन कार्यालय 'एमएच ४६' क्रमांक देऊ शकत नाही.

१०/ नव्या वाहनाला कायद्यात जागा मिळूच शकत नाही, असे नव्हे. बजाजच्या 'क्यूट'साठी क्वाड्रिसायकल हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. पोलारिसचे एक एटीव्ही मॉडेल ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित होऊन रस्त्यावर आले. म्हणून खरेदीपूर्वी मॉडेलचे प्रमाणपत्र पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर विसंबू नये.

११/ कुंपणाआड सगळे माफ, हा समजही तपासून घ्यावा. खासगी जागेत लोकांना परवानगीने वा मर्यादित स्वरूपात प्रवेश असेल, तरी विम्याच्या दृष्टीने ती 'सार्वजनिक जागा' ठरू शकते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८० च्या दशकात मानले. तिकीट लावून फेऱ्या देणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे.

१२/ सार्वजनिक जागी वाहन न्यायचे, तर नोंदणी, परवाना आणि थर्ड पार्टी विमा तिन्ही हवेत. अल्पवयीनाच्या हाती वाहन दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

१३/ या साऱ्या कागदांमागे हौशी चालकापेक्षा दुसराच माणूस उभा आहे : धडक बसलेला पादचारी. क्रमांक नसेल तर वाहन ओळखायचे कसे? विमा नसेल तर भरपाई द्यायची कोणी? १९१४ पासून कायदा हेच विचारत आला आहे. नावड्यातल्या दारासमोरच्या रस्त्यालाही तोच प्रश्न लागू आहे.