निसटलेला चिमटा

परळच्या हाफकिन संस्थेचं नाव आपल्या ओळखीचं आहे. त्यामागचं दुःख मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. ठपका आला तो मुंबईत लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर. त्यांना दूर केलं गेलं. पुढे उलगडलं ते एवढंच, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो वापरला गेला.

१९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले, १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

चिमटा कुणाच्याही हातून पडेल. पडलेला चिमटा रुग्णापर्यंत पोहोचूच नये, अशी रीत बसवायला हवी. नुसता गुन्हेगार शोधून पुढचा रुग्ण वाचत नाही.